बिनतारी नाना आणि रेडिओतली सवाशीण

रविवार, २० फेब्रुवारी १९४९. जमलेली रक्कम सात रुपये दहा आणे. हजर : आबा पाटील, शाळेचे माने मास्तर, नारायण पवार ऊर्फ बिनतारी नाना, दारापाशी गोदाकाकू व त्यांच्यासोबत सहा बाया, आणि लिहून घेणारा मी. जागा चावडी. रक्कम कशासाठी जमवली याच्या रकान्यात मी लिहिलं आहे : 'रेडिओवर आलेल्या बाईची ओटी भरणेकामी.'

ती वही अजून माझ्याकडे आहे. हा रकाना ज्यांना ज्यांना दाखवला ते एक तर हसले किंवा माझ्याकडे निरखून बघू लागले. पण लिहिण्यात चूक नाही. गेल्या माघात नाना वारले. त्यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असं तेव्हापासून मनात होतं, आणि हा रकाना समजावून सांगायचा तर नानांपासूनच सुरुवात करावी लागते.

आमचं गाव कुंडलपासून अडीच मैलांवर. त्या काळी मी गावच्या सोसायटीचा चिटणीस होतो, वय एकोणतीस. नाना माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. उंची बेताची, अंगानं वाळके, डोक्यावर पटका कधी नाही, खाकी टोपी. लढाईत ते पलटणीच्या बिनतारी यंत्रावर होते. इटलीत दोन वर्षं कानाला यंत्र लावून बसले आणि नाईक होऊन परत आले. पण नाईक त्यांना कुणी म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून बिनतारी नाना.

१९४७ च्या दिवाळीत सोसायटीनं आणि घरटी वर्गणीनं मिळून चावडीत रेडिओ घेतला. तो सांभाळायला नानांशिवाय दुसरं माणूसच नव्हतं. गावात वीज नव्हती, मोटारीची बॅटरी लावावी लागे. ती संपली की नाना सायकलच्या मागं बांधून स्टेशनावर नेत, रेल्वेनं सांगलीला जात, एका गॅरेजात भरायला टाकत आणि दुसऱ्या दिवशी घेऊन येत. भरणावळ बारा आणे सोसायटी देई. रेल्वेचं भाडं नानांनी कधी मागितलं नाही, दिलं तर घेतलं नाही. एका भरणीत बॅटरी बावीस तास चाले. रोज किती मिनिटं रेडिओ लागला हे लिहायचं काम माझं होतं.

बावीस तासांची वाटणी नाना करत. बातम्या, बाजारभाव, शनिवारचं कीर्तन. पाटलांना गुळाचे भाव दोनदा ऐकायचे असत. नाना एकदाच लावत. "भाव काय दुसऱ्यांदा ऐकला म्हणून वाढतोय व्हय, आबा?" असं म्हणून बटण बंद. ही सगळी काटकसर कशासाठी चालली आहे ते गावाला ठाऊक होतं. महिन्यातून दोन बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, रात्री साडेनऊला मुंबईहून भुताखेताचं नाटक लागे. त्या पाऊण तासाला बॅटरी कमी पडता कामा नये.

त्या रात्री चावडीत चाळीस-पंचेचाळीस माणूस असे. उजवीकडे गडी, डावीकडे बाया, बारा वर्षांखालच्या पोरांना बंदी. सव्वानऊला नाना करगोट्याची किल्ली काढून कपाट उघडत. दोन्ही हात धोतराला पुसत. सुई लावत. मग कंदिलाची वात इतकी खाली करत की शेजारच्या माणसाचं नुसतं नाक दिसावं. बिडी ओढायची नाही. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "ठिणगी दिसली की डोळा जागा हुतोय. डोळा जागा झाला की कान झोपला म्हणून समज."

आणि मग ते रेडिओकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसत. मला ते चमत्कारिक वाटे. एकदा विचारलंच.

"रेडिओकडं बघून काय दिसतंय, चिटणीस?" ते म्हणाले. "लाकूड. माणसांकडं बघितलं की नाटक दिसतंय."

त्यानंतर मीही अधूनमधून मान वळवून बघू लागलो. रेडिओत लांब कुठंतरी दार करकरलं की पंचेचाळीस माणसं एकदम श्वास धरत. ऊस तोडताना साप दिसला तरी न थांबणारा गडी शेजाऱ्याचा गुडघा धरून बसलेला असे, आणि शेजाऱ्याला ते कळलेलं नसे. पडद्यावरचं भूत मी पुढं सांगलीला सिनेमात बघितलं. त्याला चेहरा होता, दात होते, आणि दात खोटे आहेत हे तिसऱ्या बाकावरून कळत होतं. रेडिओच्या भुताला यातलं काही नव्हतं. ज्याला ज्याचं भ्यायचं असेल त्यानं ते घालायचं. नाना हे एका वाक्यात सांगत : "भूत दिसलं की त्येचा भाव उतरला."

पावसाळ्यात रेडिओ फार खरखरे. माने मास्तर वैतागत. नाना वैतागत नसत. "खरखर हाय म्हणून लांबनं आल्यासारखं वाटतंय," ते म्हणत. "लख्ख ऐकू आलं असतं तर शेजारच्या आळीत कोन भांडतंय असं वाटलं असतं."

मास्तर हुशार माणूस, पुण्यात शिकलेले. एकदा नाटक संपल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून सांगायला सुरुवात केली की मघाचा गडगडाट म्हणजे पत्र्याची शीट हलवलेली असते, आणि घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या. माणसांचे चेहरे उतरत चालले. नानांना यातलं सगळं मास्तरांच्या आधीपासून माहीत होतं, पण त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी पत्रा ऐका. आमी पाऊस ऐकतो. दोघांचं भागलं की न्हाई?"

मास्तर चांगले होते, तेही हसले. मात्र पुढच्या बेस्तरवारी पत्रा वाजला तेव्हा मास्तरांनी उपरणं कानावरून घेतल्याचं मी बघितलं आहे.

नाटक संपलं की नाना लगेच कुणाला जाऊ देत नसत. वात वर करत, आळीप्रमाणे माणसं एकत्र करत, मोजत आणि मग सोडत. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाणाऱ्यांसोबत स्वतः जात. तालमीतला सदा पैलवान गावात कुणाला हार न जाणारा. एका रात्री तो सगळे जाईपर्यंत पायरीवर रेंगाळला आणि नानांना म्हणाला, "नाना, माज्या कंदिलात त्याल कमी हाय जरा." कंदील गच्च भरलेला होता, हलवला तर आवाज येत होता. नाना म्हणाले, "व्हय, कमीच दिसतंय. चल, मलाबी तिकडंच काम हाय." त्या बाजूला नानांचं काही काम नव्हतं. मी तिसरा होतो म्हणून मला कळलं. नानांच्या तोंडून ती गोष्ट कधी बाहेर पडली नाही. पैलवान आता हयात नाही, म्हणून मी लिहितो आहे.

त्याच रात्री परतताना मी त्यांना विचारलं, की लढाईत एवढं बघून आलेला माणूस या खोट्या भुतात काय बघतो.

त्यांनी कंदील दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "तिकडं एका पडक्या देवळात मला बसवलं हुतं. त्यांचं देऊळ. फुडं डोंगरावर आपली चौकी. दर अर्ध्या तासाला तिनं बोलायचं, मी ऐकायचं. साडेधानंतर ती बोललीच न्हाई. मी पहाटं अडीचपत्तोर खरखर ऐकत बसलो. चार तास. नुसती खरखर, आन मदीच वाटायचं कोन हाक मारतंय." ते थांबले. "तवा भ्यालो ते एकला भ्यालो. हितं समदी मिळून भेत्यात आन घरी जाऊन झोपत्यात. लय फरक हाय गड्या."

चौकीचं पुढं काय झालं हे मी विचारलं नाही.

आता १७ फेब्रुवारीचं नाटक. त्याचं नाव माझ्या वहीत नाही, म्हणून लिहीत नाही. नदीकाठी नाव चालवणारा एक नावाडी. रोज तिन्हीसांजेला पलीकडच्या तीरावरून त्याला एक बाई हाक मारते. नाव नेली की तिथं कुणी नसतं. हळूहळू कळतं की ती सासरहून रागानं माहेराला निघालेली सवाष्ण, पुरात बुडालेली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ओरडणं नाही, किंचाळणं नाही. दारात उभं राहून शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या साध्या सुरात ती विचारायची, "दादा, मला रिकाम्या ओटीनं पाठवलं हो. भराल का कुणी?" शेवटी नावाडी नाव घेऊन निघतो. पाणी कापल्याचा आवाज. ती जवळ येते. "दादा, भराल का..." आणि रेडिओ बंद पडला.

बॅटरी संपली होती.

अंधारात कुणी हललं नाही. मग डावीकडून गोदाकाकूंचा आवाज आला, "फुडं?" नाना उठून तारा बघू लागले. पुढं काही नव्हतं.

हे का झालं ते सांगणं माझं काम आहे. रेडिओ बंद पडला तेव्हाही वहीप्रमाणे बॅटरीत पाऊण तास शिल्लक होता. पण त्या मंगळवारी तालुक्याहून एक साहेब सोसायटीचं दप्तर तपासायला आले होते. त्यांना आमचा रेडिओ दाखवावा म्हणून मी नानांकडून किल्ली मागून घेतली, पाऊण तास लावून बसलो, आणि साहेबांच्या सरबराईत ती पंचेचाळीस मिनिटं वहीत लिहायची विसरलो. शुक्रवारी सकाळी नानांनी वही मागितली, मंगळवारच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटून परत दिली.

तीन दिवसांत गावात वेगळंच सुरू झालं. बाया पाण्याला जाताना बोलेनात. मला वाटलं घाबरल्या. पाटलांनाही तेच वाटलं, म्हणून त्यांनी रविवारी चावडीत बैठक घेतली. सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे विट्याचे एक गलाईवाले मद्रासकडून सुट्टीवर आले होते आणि त्यांनी रेडिओला दोनशे रुपये देऊ केले होते.

"इकून टाकू," पाटील म्हणाले. "बायका भ्याल्यात. आन बॅटरी संपली कशी? कुणाची चूक?"

मी वहीकडे बघत होतो.

"माजी," नाना म्हणाले. "बॅटरी माज्या ताब्यात हुती."

मी तोंड उघडायच्या आत दारातून गोदाकाकू बोलल्या. वय साठीच्या आसपास, पंचवीस वर्षांपूर्वी नवरा गेलेला, आवाज करडा. "कोन भ्यालंय, आबा? आमी न्हाई भ्यालो. दारात सवाशीण आली, ओटी मागिटली, आन आपुन तिच्या तोंडावर दार लावलं. बोलायचं ते हे हाय."

मास्तर हसले. "अहो काकू, ते नाटक आहे. ओटी काय रेडिओची भरायची?"

"हसा मास्तर. तुमच्या घरातनं कवा कोन रिकामी गेलीया का? आमच्या गावातनं गेली. तीबी मागून."

"पर ती मेलेली हुती की, काकू," पाटील म्हणाले.

"कुकवानं मेली. मग तर जास्तच."

नाना पुढं सरकले. ते म्हणाले, "काकू बरोबर बोलत्यात. मला शिमग्यापत्तोर मुदत द्या. नाटकात फुडं तिची ओटी कुणी भरली का, मी बघून येतो. भरली असंल तर वर्गणी परत. नसंल तर आपुन भरू. शिमग्यापत्तोर नाही जमलं तर रेडिओ इका, मी किल्ली देतो."

असं ठरलं, आणि तिथल्या तिथं सात रुपये दहा आणे जमले. त्यातले दहा आणे गोदाकाकूंचे.

बाहेर पडल्यावर मी नानांना म्हणालो, "तुम्ही माझी चूक अंगावर का घेतलीत?"

"वहीत आता घाला म्हंजे झालं," ते म्हणाले. पंचेचाळीस मिनिटांची ती नोंद मी तेव्हाच केली. वेगळ्या शाईत आहे. मग चालता चालता त्यांनी सांगितलं, "काकूच्या लेकीचं तुमाला ठावं न्हाई. तुमी तवा शाळंला हुता. लेक सासरी निघाली, दीर न्यायला आला हुता, लय घाई. घरात दुसरी सवाशीण न्हवती. काकूनं भरायची न्हवती, म्हणून न्हाईच भरली. पोर त्याच वर्षी बाळंतपणात गेली."

सोमवारी नाना बॅटरी घेऊन सांगलीला गेले. गॅरेजवाला, रेडिओ विकणारा एक दुकानदार, एक खानावळवाला, सगळ्यांना विचारलं. एकानं ऐकलं होतं, पण अर्ध्यात झोपला होता. तेव्हा बॅटरी तिथंच ठेवून ते साताऱ्याला गेले. सातारा रोडला उतरून मोटारीनं शहरात. तिथं त्यांच्याबरोबर यंत्रावर असलेले शेख हवालदार कचेरीत नोकरीला होते. शेखांनी नाटक शेवटपर्यंत ऐकलं होतं.

बुधवारी संध्याकाळी नाना बॅटरीसकट परत आले ते थेट माझ्याकडे. "न्हाई भरली," ते म्हणाले. "नावाडी भ्याला, नाव सोडून पळाला. ती तितंच ऱ्हायली. शेखची बायको रडत हुती म्हणं."

मी जरा विचार करून म्हणालो, "नाना, कुणाला काय कळतंय? भरली म्हणून सांगा. काकूंचं मन शांत होईल, रेडिओ राहील, वर्गणी परत जाईल. सगळ्यांचंच बरं."

ते माझ्यावर रागावले नाहीत. "आवं चिटणीस, बिनतारीवर आमाला एकच शिकवलं. निरोप आला तसा द्यायचा. त्यात आपलं घालायचं न्हाई. एकदा घातलं की मग फुडचं कोन खरं मानील?"

त्याच रात्री चावडीत त्यांनी आला तसा दिला. गोदाकाकूंनी एवढंच विचारलं, "मग आता कुणाची भरायची?"

"ज्या गळ्यातनं हाक आली, त्या गळ्यापत्तोर पोचवायची," नाना म्हणाले. "कोन तरी बाई बोललीच की ती."

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी खण निवडला, दोन रुपये चार आणे. नारळ सहा आणे. तांदूळ रेशनचे, प्रत्येक घरातून चिमूट चिमूट. हळदकुंकवाच्या पुड्या. हे सगळं पाटलीणबाईंनी बांधलं. गोदाकाकू चार हात लांब उभ्या राहून सांगत होत्या, कशालाही हात लावला नाही.

कुंडलच्या पोस्टात अडचण आली. सव्वा रुपया मनिऑर्डरनं पाठवायचा होता, पण पोस्टमास्तर नाव विचारू लागले.

"नाव ठावं न्हाई," नाना म्हणाले.

"मग कुणाला द्यायची?"

"भुताचं काम केलेल्या बाईला."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पवार, भुताच्या नावे मनिऑर्डर घेता येत नाही."

शेवटी सव्वा रुपया खणाच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि सगळं पार्सल मुंबई केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या नावे रजिस्टर केलं. खर्च एक रुपया दोन आणे. सोबतचं पत्र मी लिहिलं होतं, दीड पानाचं. नानांनी ते कमी करत करत चार ओळींवर आणलं : १७ तारखेच्या नाटकात नदीकाठच्या सवाष्णीचं काम केलेल्या बाईंना हे द्यावं. आमची बॅटरी मध्येच संपली. त्यांनी आमच्या दारात ओटी मागितली, ती भरायची राहिली. उशीर झाला त्याची माफी असावी.

मग दोन आठवडे काही आलं नाही. पाटील रोज बातम्यांच्या वेळी विचारत, "काय नाना, भुताची पोच आली का?" पोरं टपालवाल्याला तेच विचारू लागली. विट्याचे गलाईवाले एकदा येऊन रेडिओ बघून गेले. लाकडावर बोटं वाजवली, बटण फिरवून बघितलं, मागं वाकून तारा बघितल्या. नाना बाजूला उभे राहून त्यांना प्रत्येक बटण कशाचं ते नीट समजावून सांगत होते, बॅटरीत पाणी कधी घालायचं तेही. मला ते बघवलं नाही, मी बाहेर आलो. ते गेल्यावर नानांनी कपाट पुसून घेतलं.

होळीच्या दोन दिवस आधी, शनिवारी, पार्सल आलं. नाना ते घेऊन सोसायटीत आले, माझ्यासमोर उघडलं. वर आमचाच खण, गाठ तशीच. खाली पत्र. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे दिलं, आणि मी वाचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी पत्र परत दिलं.

"आज काय सल्ला न्हाई व्हय, चिटणीस?" ते म्हणाले.

संध्याकाळी चावडी नाटकाच्या रात्रीसारखी भरली होती. वात मात्र पूर्ण वर होती. नानांनी पत्र उभं राहून वाचलं. पत्र माझ्याजवळ आहे, त्यातलं उतरवतो.

'आपलं पार्सल मिळालं. मी ते उघडलं तेव्हा खोलीत चार माणसं होती आणि चौघांनीही तो खण हातात घेऊन बघितला. इतकी वर्षं मी रेडिओवर भुतं करते आहे. लोक भ्यालो म्हणून लिहितात. माझ्या भुताला कुणी काही दिलं, असं कधी झालं नव्हतं. पण आपल्याला खरं सांगितलं पाहिजे. मी अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाले. आवाज सवाष्णीचा आहे, कपाळ नाही. ही ओटी माझ्या पदरात शोभत नाही. अन्न परत करू नये म्हणून तांदूळ शिजवले आणि नारळाची चटणी केली, आम्ही सगळ्यांनी खाल्ली. खण आणि सव्वा रुपया परत पाठवते. राग मानू नये. — यमुनाबाई.'

नानांनी घडी घातली. पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. खण त्यांनी बांधला होता, तो असा परत आला होता.

पाटील खाकरले. "म्हंजे झालं न्हाईच. ठरल्याप्रमाणं..."

"थांब आबा," गोदाकाकू म्हणाल्या. त्या दारातून आत आल्या. बैठकीच्या वेळी चावडीत त्या कधी आत येत नसत. नानांच्या पुढ्यातला खण त्यांनी उचलला आणि हातात धरून उभ्या राहिल्या. "एवढं बोललीया ती, आला तसा. तिला कुनी सांगितलं हुतं खरं लिव्हायला? चटणी केली म्हणून गप बसली असती तर कुनाला कळलं असतं?"

"पर काकू, तिला चालत न्हाई," पाटलीणबाई म्हणाल्या. "तिचं तीच म्हंती."

"कुनाच्या हातनं चालत न्हाई? तुज्या. तू कुकवाची." काकूंनी खणावरची सुरकुती हातानं सरळ केली. "ती बिनकुकवाची, मीबी बिनकुकवाची. आता अडतंय कुटं? आना तांदूळ."

पाटलीणबाईंनी सगळ्यांच्या आधी उठून घरातून सूप आणलं. काकूंनी पाच मुठी तांदूळ खणात घातले. मोठ्यानं मोजत होत्या, पाच. मग नवा नारळ. मग म्हणाल्या, "नाना, हळद घाला, कुकू नको. तिला जड व्हईल."

पाटील बघत होते. शेवटी म्हणाले, "विट्याला निरोप धाडा चिटणीस, रेडिओ इकायचा न्हाई म्हणून. आन नाना, सोमवारी गुळाचा भाव दोनदा लावायचा."

"एकदाच," नाना म्हणाले.

त्यानंतर नाना वीस वर्षं जगले. वीज आली, घरोघर रेडिओ आले, चावडीतलं कपाट सोसायटीच्या कागदांना मिळालं. त्या वीस वर्षांत मी त्यांना शेकडो वेळा बघितलं असेन. पण नाना म्हटलं की मला त्या बुधवारी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, कुंडलच्या पोस्टातले नाना दिसतात. कानामागे रंग राहिलेला, टोपी काखेत. पार्सलचं वजन झालं. मग मनिऑर्डरचा फॉर्म. या वेळी नाव होतं. ते त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं, आणि मजकुराच्या जागी आले तेव्हा लेखणी उचलून थांबले. पोस्टमास्तरांनी मान पुढं केली. नानांनी लिहिलं, 'ओटीचे. परत करू नये.'

नारळ सहा आणे, पार्सल एक रुपया दोन आणे, मनिऑर्डरचं कमिशन दोन आणे. सात रुपये दहा आण्यांतून दोन्ही वेळचा खर्च जाऊन एक रुपया उरला, तो बॅटरीच्या खात्यात जमा केला. मनिऑर्डर सव्वा रुपया, यमुनाबाई, मुंबई, यांस. आठव्या दिवशी त्यांच्या सहीची पोच आली.